कुठला रूळ खराब, तेच सांगता येईना : बॉस्टनच्या भुयारी रेल्वेचं प्रकरण

९ मार्च २०२३, गुरुवार. बॉस्टनच्या भुयारी रेल्वेत त्या दिवशी गाडी घसरली नव्हती, रूळ तुटला नव्हता, बोगद्यात धूर झाला नव्हता. तरी संध्याकाळनंतर व्यवस्थापनाने सगळ्या मार्गांसाठी हुकूम काढला : गाडी ताशी १० ते २५ मैलांच्या वर न्यायची नाही. किलोमीटरमध्ये सांगायचं तर १६ ते ४०. रेड, ऑरेंज, ब्लू, ग्रीन हे चारही मार्ग आणि रेड लाइनच्या टोकाला जोडलेली मॅटापॅनची छोटी ट्रॉली (ट्रामसारखी गाडी), सगळ्यांना एकच नियम.

कारण असं होतं. रुळांची मोजमापं घेणारी गाडी आधी फिरली होती आणि तिने दोषांची यादी दिली होती. त्यातले कोणते दोष माणसाने जागेवर जाऊन पाहिले, कोणते दुरुस्त झाले, कोणते तसेच राहिले, याच्या नोंदी मात्र अपुऱ्या होत्या. काही ठिकाणी एकमेकींशी जुळत नव्हत्या. अमुक जागी रूळ धोक्याचा आहे असं बोट ठेवून सांगता येईना. मग सगळेच रूळ धोक्याचे धरावे लागले.

रुळांच्या दुरुस्तीचा विषय निघाला की आपण लोखंड, खडी, स्लीपर, पैसा आणि माणसं यांच्याबद्दल बोलतो. बॉस्टनमध्ये यातल्या बऱ्याच गोष्टी कमी पडत होत्याच. पण शहर ज्या रात्री मंदावलं त्या रात्री कमी पडल्या त्या नोंदी. हे प्रकरण मला मोलाचं वाटतं ते त्यासाठी, आणि पुढच्या पावणेदोन वर्षांत ही रेल्वे त्यातून ज्या रीतीने बाहेर आली त्यासाठीही.

तीस मीटरच्या दोषाची किंमत

आपल्याकडे रेल्वेत मोटरमनच्या हाती कॉशन ऑर्डर देतात : या किलोमीटरपासून त्या किलोमीटरपर्यंत इतक्याच वेगाने जा. रुळाच्या कडेला फलकही लावतात. बॉस्टनमध्ये अशा जागेला ‘स्लो झोन’ म्हणतात. कल्पना तीच. रुळाचं डोकं झिजलं, दोन रुळांमधलं अंतर वाढलं, रूळ धरून ठेवणारे खिळे आणि पट्ट्या सैल झाल्या, लाकडी स्लीपर कुजले, खडीत चिखल भरला, की वेगात जाणाऱ्या चाकाचा रेटा त्या जागेला पेलवत नाही. वेग उतरवला की रेटाही उतरतो, आणि गाड्या बंद न करता दुरुस्तीपर्यंतचे दिवस काढता येतात. वेगमर्यादा ही त्या अर्थाने प्रामाणिक गोष्ट आहे. पायाला प्लास्टर असताना माणूस हळू चालतो, तसं.

बॉस्टनच्या पायाचं दुखणं जुनं. अमेरिकेतला पहिला भुयारी रेल्वेमार्ग इथलाच, ट्रेमॉन्ट स्ट्रीटखालचा, १८९७ सालचा. आज त्यातून ग्रीन लाइन जाते. बंदराच्या पाण्याखालून ईस्ट बॉस्टनला जाणारा बोगदा १९०४ चा, तो आता ब्लू लाइनचा भाग आहे. केंब्रिजखालून जाणारी रेड लाइन १९१२ ची. इतक्या जुन्या बोगद्यांत पाणी झिरपतं, आणि समुद्राजवळच्या शहरात ते पाणी खारटही असतं. शिवाय गाड्या चालतात एकदिश विजेवर, काही मार्गांवर वरच्या तारेतल्या, बाकी ठिकाणी शेजारून जाणाऱ्या तिसऱ्या रुळातल्या. ही वीज परत जाताना चाकाखालच्या रुळांतून जाते, ओलसर जागी तिचा थोडा अंश जमिनीत पाझरतो, आणि जिथून ती लोखंड सोडते तिथे ते लोखंड भराभर गंजतं. उघड्यावरच्या रुळाला ऊन-पाऊस खातो. बोगद्यातला रूळ बाहेरून शाबूत दिसतो आणि खालून खाल्ला जातो. तळाचा गंज वाकून, दिवा धरून, हाताने खरवडून पाहिल्याशिवाय कळत नाही. मोजणारी गाडी फिरली तरी माणसाचं पाहणं सुटत नाही ते यामुळे.

आता किंमतीचा हिशोब. रेड लाइनची सहा डब्यांची गाडी साधारण १३० मीटर लांब. समजा रुळाचा खराब तुकडा फक्त ३० मीटरचा आहे आणि तिथे ताशी १६ किलोमीटरची मर्यादा आहे. पहिलं चाक त्या तुकड्यावर चढल्यापासून शेवटचं चाक उतरेपर्यंत वेग वाढवता येत नाही, म्हणजे गाडी १६० मीटर रांगते. त्याला ३६ सेकंद लागतात. एरवी ताशी ६४ किलोमीटरने हेच अंतर ९ सेकंदांत झालं असतं. आधी वेग उतरवायचा आणि नंतर चढवायचा यात आणखी दहाएक सेकंद जातात. तीस मीटर रुळापायी प्रत्येक गाडीची ३५ सेकंदांहून जास्त वेळ मोडते. एका मार्गावर अशा तीस-चाळीस जागा झाल्या, तर प्रवास वीस-पंचवीस मिनिटांनी लांबतो.

आणि गोष्ट एका गाडीवर थांबत नाही. प्रत्येक फेरीला वेळ जास्त लागला की तेवढ्याच गाड्यांत आणि तेवढ्याच चालकांत फेऱ्या कमी बसतात. फेऱ्या कमी झाल्या की फलाटावर गर्दी साचते, दारं बंद व्हायला वेळ लागतो, गाडी आणखी रेंगाळते. मुंबईत लोकल दहा मिनिटं उशिरा आली की दादरच्या पुलावर काय होतं, हे ज्याने पाहिलंय त्याला ही साखळी समजावून सांगावी लागणार नाही.

आपल्या रेल्वेच्या वेळापत्रकात अशा कामांसाठी थोडी मिनिटं आधीच धरलेली असतात, त्यांना इंजिनिअरिंग अलाउन्स म्हणतात. ती मिनिटं असतात तोवर वेगमर्यादा प्रवाशाला जाणवत नाही. बॉस्टनमध्ये मर्यादा इतक्या वाढल्या आणि इतक्या मुरल्या, की अशा राखीव मिनिटांत त्या मावण्यासारख्या राहिल्या नाहीत.

इशारे आधी मिळाले होते

बॉस्टनची ही रेल्वे आणि तिथल्या बस चालवणारी संस्था म्हणजे मॅसॅच्युसेट्स बे ट्रान्सपोर्टेशन अथॉरिटी, एमबीटीए. बॉस्टनकर तिला नुसतं ‘टी’ म्हणतात. २००० साली राज्याने तिच्या पैशाची पद्धत बदलली. विक्रीकरातला ठरावीक वाटा तिला मिळेल आणि त्यात तिने भागवायचं, असं ठरलं. सोबत कर्जाचं ओझंही दिलं. विक्रीकर अपेक्षेइतका वाढला नाही. पैसा तोकडा पडला की ज्या खर्चाचं उद्घाटन करता येत नाही तो खर्च आधी पुढे ढकलला जातो. रुळाखालच्या पट्ट्या बदलण्याची फीत कुणी कापत नाही.

११ जून २०१९ रोजी रेड लाइनची गाडी जेएफके/यूमास स्थानकाजवळ घसरली. आस तुटला होता. गाडी जाऊन आदळली ती सिग्नलची यंत्रणा असलेल्या खोल्यांवर, आणि सिग्नल पूर्ववत व्हायला महिने लागले. त्यानंतर नेमलेल्या तीन तज्ज्ञांच्या समितीने डिसेंबर २०१९ मध्ये अहवाल दिला : नेमाने करायची देखभाल आणि तपासणी मागे पडते आहे. हा इशारा स्पष्ट होता, लेखी होता, आणि त्या मार्चच्या रात्रीच्या सव्वातीन वर्षं आधी मिळाला होता.

एप्रिल २०२२ मध्ये रेड लाइनच्या ब्रॉडवे स्थानकात डब्याच्या दारात अडकून एका प्रवाशाचा फरपटत जाऊन मृत्यू झाला. त्याच महिन्यात अमेरिकेच्या केंद्र सरकारची फेडरल ट्रान्झिट ॲडमिनिस्ट्रेशन ही संस्था या रेल्वेच्या संपूर्ण सुरक्षेची तपासणी करायला उतरली. केंद्राने एखाद्या शहराच्या मेट्रोत अशी उडी घेणं फार क्वचित घडतं.

जूनमध्ये तिने तातडीचे आदेश काढले. त्यातून दोन गोष्टी लोकांसमोर आल्या. पहिली, नियंत्रण कक्षात माणसं इतकी कमी होती की काही जण वीस-वीस तासांची पाळी करून चार तासांनी पुन्हा कामावर येत होते. त्यामुळे रेड, ऑरेंज आणि ब्लू लाइनच्या आठवड्याच्या दिवसांतल्या फेऱ्या शनिवारसारख्या करण्यात आल्या. दुसरी गोष्ट रुळांची. भुयारी जाळ्यातल्या जवळजवळ १० टक्के रुळांवर वेगमर्यादा होती. ऑरेंज लाइनवर टफ्ट्स मेडिकल सेंटर आणि बॅक बे या दोन स्थानकांमधली मर्यादा तर २०१९ पासून तशीच होती.

दोन शेजारच्या स्थानकांमधला तुकडा, आणि तीन वर्षं. मला या प्रकरणातली सगळ्यात बोलकी गोष्ट हीच वाटते. दोष सापडला होता, त्याची दखल घेतली होती, वेग उतरवला होता. कागदावर सगळं नियमाने झालं होतं. मग दुरुस्ती का होईना? कारण वेग उतरवल्याने तातडी संपली होती. गाडी सुखरूप जात होती. रोजची दीड-दोन मिनिटं प्रवासी आपल्या खिशातून भरत होते, आणि त्या मिनिटांचा हिशोब संस्थेच्या कुठल्याच खात्यावर चढत नव्हता.

३१ ऑगस्ट २०२२ च्या अंतिम अहवालात केंद्रीय संस्थेने मुळावर बोट ठेवलं : मोठ्या नव्या प्रकल्पांकडे माणसं आणि लक्ष इतकं वळलं, की रोजचं चालवणं आणि रोजची देखभाल यांना माणसं उरली नाहीत. राज्याच्या देखरेख करणाऱ्या खात्यालाही, म्हणजे डिपार्टमेंट ऑफ पब्लिक युटिलिटीजला, तिने दोष दिला. ते खातं पुढे पुन्हा या गोष्टीत येतं.

रात्रीचे अडीच तास

सामान्य प्रवाशाचा रास्त प्रश्न असतो : रात्री गाड्या बंद असतात, तेव्हा का करत नाहीत?

बॉस्टनची सेवा रात्री एकच्या सुमारास थांबते आणि पहाटे पाचला सुरू होते. शेवटची गाडी कारशेडमध्ये गेली, तिसऱ्या रुळाची वीज तोडली, वीज खरोखर गेल्याची खात्री केली, परवानगी मिळाली, मग कामगार अवजारं घेऊन बोगद्यातून चालत जागेवर पोचतात. परतताना हेच सगळं उलट क्रमाने, वर मार्ग सुरक्षित असल्याची तपासणी. हातोडा प्रत्यक्ष पडतो तो वेळ दोन-अडीच तासांचा. तेवढ्यात रुळाचा एखादा तुकडा बदलता येतो, थोड्या पट्ट्या घट्ट करता येतात. शंभर मीटरचा रूळ, त्याखालचे स्लीपर आणि त्याखालची खडी हे सगळं एका रात्रीत निघत नाही. पहाटे पाचला गाडी धावलीच पाहिजे, म्हणून प्रत्येक रात्रीचं काम अर्धवट बंद करता येईल एवढंच हाती घ्यावं लागतं. म्हणजे ठिगळं लावायची.

दुसरी अडचण मार्गाच्या रचनेची. मध्य रेल्वेवर रविवारी मेगाब्लॉक असतो तेव्हा जलद मार्गावरच्या गाड्या धीम्या मार्गावर वळवतात. प्रवास लांबतो, पण चालू राहतो. हार्बरवर मात्र दोनच मार्गिका, त्यामुळे कुर्ला ते वाशी ब्लॉक घेतला की तिथली गाडी बंदच. बॉस्टनची बहुतेक भुयारी रेल्वे हार्बरसारखी आहे : एक जायची, एक यायची, आणि दोन्हींभोवती भिंत. (मुंबईची कुलाबा ते आरे ही मेट्रो ३ देखील अशीच जोडबोगद्याची आहे. ती आज नवी आहे. तिच्या रात्रीच्या तासांचा हिशोब आत्तापासून मांडणाऱ्या अभियंत्यांना बॉस्टनचे हे अहवाल उपयोगी पडतील.)

तीस दिवस बंद, तरीही हळू

२१ जुलै २०२२ रोजी मिस्टिक नदीवरच्या पुलावर ऑरेंज लाइनच्या गाडीला आग लागली. प्रवासी खिडक्यांतून बाहेर पडले, एका प्रवासी स्त्रीने नदीत उडी घेतली. त्यानंतर पंधरवड्याच्या आत गव्हर्नर चार्ली बेकर यांनी जाहीर केलं, की १९ ऑगस्टच्या रात्रीपासून तीस दिवस संपूर्ण ऑरेंज लाइन बंद राहील. ओक ग्रोव्ह ते फॉरेस्ट हिल्स, २० स्थानकं. या मार्गावरच्या रगल्स स्थानकाला लागून नॉर्थईस्टर्न विद्यापीठ आहे, जिथे पुण्या-मुंबईहून गेलेली मुलं पुष्कळ. त्यांचं नवं सत्र ऐन त्या दिवसांत सुरू होत होतं.

शहराने हे निभावलं. बदली बस धावल्या, रस्त्यांवर बससाठी वेगळ्या मार्गिका आखल्या, भाड्याच्या सायकली काही काळ फुकट दिल्या. एरवी पाच वर्षं लागली असती ते रात्रीचं काम तीस दिवसांत केलं, असं सांगितलं गेलं.

१९ सप्टेंबरला मार्ग उघडला आणि लोकांनी घड्याळ पाहिलं. प्रवास फारसा जलद झाला नव्हता; काही दिवस तर आधीपेक्षा हळू होता. नव्या रुळाखालची खडी बसायला थोडे दिवस लागतात, हे खरं. पण आठवडे उलटले तरी वेग आला नाही, आणि काम न झालेल्या जागी नव्या मर्यादा लागल्या.

लोकांचा संताप मला पूर्णपणे समजतो. तरीही त्यातून निघालेला ‘मार्ग बंद ठेवून काही उपयोग नसतो’ हा निष्कर्ष चुकीचा होता, असं माझं मत आहे. बंद ठेवणं बरोबर होतं. कशासाठी ठेवतोय ते पुरेसं ठरलं नव्हतं. घोषणा आणि काम यांच्यात सोळा दिवस होते. ज्या संस्थेला आपल्या रुळांची अवस्था बारकाईने माहीत नाही, तिला तीस दिवस दिले तरी ती हाताशी असलेली कामं उरकते. कुठे काम केल्याने किती मिनिटं परत मिळतील, हे ठरवायला दोषांची खरी यादी लागते, आणि तीच नव्हती.

रुळांबाहेरच्या लोकांकडे मात्र एक यादी तयार होत होती. ट्रान्झिटमॅटर्स नावाचा स्वयंसेवी गट एमबीटीएनेच खुल्या केलेल्या गाड्यांच्या वेळांवरून दोन-दोन स्थानकांमधला प्रवासवेळ काढत होता आणि तो आधीच्या वेळांशी ताडून पाहत होता. कुठे गाडी रेंगाळते, कधीपासून आणि किती सेकंद, हे त्यांच्या तक्त्यांवर कुणालाही दिसत होतं. रूळ कशाने बिघडला हे त्यातून कळत नव्हतं, पण दुखणं कुठे आहे ते कळत होतं.

मार्चची ती रात्र आणि नंतरचे आठवडे

सोमवार, ६ मार्च २०२३ रोजी राज्याच्या त्याच देखरेख खात्याचे, सहा महिन्यांपूर्वी केंद्राने ज्याला दोष दिला होता त्याचे, निरीक्षक रेड लाइनच्या ॲशमॉन्ट शाखेवर, ॲशमॉन्ट ते सॅव्हिन हिल या टप्प्यात, रूळ पाहायला गेले. त्यांना दोष सापडले. त्यांची नोंद आणि दुरुस्तीचे पुरावे मागितल्यावर एमबीटीएने आपले कागद काढले, आणि तेव्हा उलगडलं की भोक एका शाखेपुरतं नाही. हंगामी महाव्यवस्थापक जेफ गॉनेव्हिल यांनी गुरुवारी सगळ्या जाळ्याचा वेग उतरवला आणि दुसऱ्या दिवशी पत्रकारांसमोर सांगितलं, की दोष दुरुस्त झाल्याची खात्री देण्याइतक्या नोंदी आमच्याकडे नाहीत.

हा निर्णय घ्यायला धैर्य लागतं. लाखो लोकांचा शुक्रवार बिघडणार हे माहीत असताना आणि उद्या सगळे आपल्यावरच तुटून पडणार हे दिसत असताना त्यांनी ‘आम्हाला माहीत नाही’ हे उघड म्हटलं. आधीच्या कित्येक वर्षांत कुणी ते म्हटलं नव्हतं.

शुक्रवारी रेड, ऑरेंज आणि ब्लू लाइनवरची सरसकट मर्यादा उठवून ती ठरावीक टप्प्यांपुरती केली. ग्रीन लाइन आणि मॅटापॅनवर ती आणखी काही दिवस राहिली. पण ‘ठरावीक टप्पे’ म्हणजे जाळ्याचा चौथा हिस्सा किंवा त्याहून जास्त. जूनमधल्या दहा टक्क्यांवरून इथवर. नऊ महिन्यांत रूळ इतके बिघडले असं मला वाटत नाही. ते आधीपासूनच तसे होते आणि आता नीट मोजले जाऊ लागले होते. रक्ततपासणी केल्यावर साखर ‘वाढते’, तसं.

मग दुहेरी कोंडी झाली. दोष तपासायला आणि दुरुस्त करायला माणसं रुळांवर मोठ्या संख्येने उतरली, आणि मार्चच्या मध्यापासून महिनाभरात कामगार चालत्या गाडीखाली येता येता वाचल्याचे प्रसंग एकामागोमाग घडले. एप्रिलमध्ये केंद्रीय संस्थेने कामगारांच्या संरक्षणाबद्दल कडक आदेश दिले. गाड्या चालू असताना रुळांवर उतरायचे नियम आवळले, त्यामुळे तपासणीचा आणि दुरुस्तीचा वेग आणखी घटला. हा आदेश अडथळा होता असं म्हणणारे तेव्हा होते. मी त्यांच्याशी सहमत नाही. प्रवाशांची मिनिटं वाचवायला ट्रॅकमनचा जीव पणाला लावायचा, हा व्यवहार कुठल्याही शहराने करू नये.

१० एप्रिल २०२३ रोजी फिलिप एंग महाव्यवस्थापक म्हणून रुजू झाले. न्यूयॉर्कच्या लाँग आयलंड रेल रोडचे ते आधी अध्यक्ष होते, आणि पेशाने अभियंता. सप्टेंबरमध्ये बाहेरच्या सल्लागारांचा अहवाल आला. मार्चच्या गोंधळाची मुळं त्याने रूळ विभागाच्या कारभारात दाखवली : तोकडं प्रशिक्षण, सैल देखरेख, अपुऱ्या नोंदी. एखाद्या दुष्ट माणसाचं नाव त्यात निघालं नाही. वर्षानुवर्षं अनुभवी लोक निवृत्त होत गेले, त्यांच्या डोक्यातली माहिती कागदावर उतरली नाही, आणि नव्यांना ती कुणी दिली नाही. कुठल्या वळणावर पावसाळ्यात पाणी साचतं हे आपल्याकडच्या जुन्या कीमनला, म्हणजे रोज चालत रूळ तपासणाऱ्याला, ठाऊक असतं. तो निवृत्त झाला की ते ज्ञानही घरी जातं.

कोऱ्या रुळांवर ताशी ३ मैल

इथे एक फाटा घेतो, कारण तो घेतल्याशिवाय नोंदीचा मुद्दा पूर्ण होत नाही. ग्रीन लाइनचा सॉमरव्हिल आणि मेडफर्डकडे जाणारा विस्तार २०२२ मध्ये सुरू झाला, युनियन स्क्वेअरची शाखा मार्चमध्ये आणि मेडफर्डची डिसेंबरमध्ये. खर्च दोन अब्ज डॉलरांच्या वर. सप्टेंबर २०२३ मध्ये या कोऱ्या मार्गावर काही जागी ताशी ३ मैलांची मर्यादा लागली. म्हणजे जवळपास ५ किलोमीटर. शेजारून चालणारा माणूस गाडीच्या बरोबरीने गेला असता.

१९ ऑक्टोबरला एंग यांनी कारण सांगितलं. दोन रुळांमधलं अंतर, जे १,४३५ मिलिमीटर असायला हवं, ते कमी होतं. फरक तीनएक मिलिमीटरचा, पण रुळांच्या जगात तो मोठा; चाकाची कड रुळाला घासते आणि वळणावर चाक चढायची भीती राहते. स्लीपरवर रूळ बसवायच्या पट्ट्या कारखान्यातूनच चुकीच्या अंतरावर बसून आल्या होत्या. मेडफर्ड शाखेचा सुमारे ८० टक्के आणि युनियन स्क्वेअर शाखेचा सुमारे निम्मा मार्ग दुरुस्त करायचा होता. आणि संस्थेतल्या काही जुन्या वरिष्ठांना हा दोष एप्रिल २०२१ मध्येच, पहिली गाडी धावण्याच्या जवळजवळ वर्षभर आधी, कळला होता.

म्हणजे इथे माहिती होती, पण ती जिथे पोचायला हवी तिथे पोचली नाही. टफ्ट्स ते बॅक बे या तुकड्यात माहिती पोचली होती, पण तिच्यावर काम झालं नाही. ॲशमॉन्टला माहितीच धड नव्हती. रूळ तीन ठिकाणचे, वय वेगळं, दोष वेगळे. प्रवाशाला तिन्ही ठिकाणी मिळालं ते एकच.

ग्रीन लाइनची दुरुस्ती कंत्राटदाराने स्वतःच्या खर्चाने, रात्रीची सेवा लवकर थांबवून केली आणि ती डिसेंबर २०२३ मध्ये संपली. दोष कळल्यावर, सांगितल्यावर आणि मनावर घेतल्यावर दोन-तीन महिने लागले.

तारखा आधी जाहीर

नोव्हेंबर २०२३ मध्ये एमबीटीएने पुढच्या चौदा महिन्यांचा कार्यक्रम मांडला. त्यात तेव्हाच्या १९१ वेगमर्यादांची यादी होती, कुठल्या महिन्यात कुठला टप्पा किती दिवस बंद राहील हे होतं, आणि २०२४ अखेर सगळ्या मर्यादा काढायचं वचन होतं. त्याआधी ऑक्टोबरमध्ये ॲशमॉन्ट शाखा आणि मॅटापॅन ट्रॉली सोळा दिवस बंद ठेवून या पद्धतीची चाचणी झाली होती, आणि या वेळी मार्ग उघडल्यावर गाड्या खरोखर वेगाने धावल्या होत्या. लोकांचा थोडा विश्वास परत आला तो तिथे.

ऑरेंज लाइनच्या तीस दिवसांपेक्षा यात वेगळं काय होतं? बंद ठेवायचं मान्य केलं होतं, पण एका वेळी एकच टप्पा. फेब्रुवारी २०२४ मध्ये रेड लाइनचा एलवाइफ ते हार्वर्ड हा टप्पा दहा दिवस, सप्टेंबरमध्ये ब्रेनट्री शाखा चोवीस दिवस. काम चोवीस तास चालायचं, त्यामुळे दर पहाटे आवरून बाहेर यायचा वेळ वाचायचा. बोगदा रिकामा आहे तोवर सिग्नलची, दिव्यांची आणि स्थानकांच्या रंगसफेदीची कामंही त्याच दिवसांत उरकली जायची, म्हणजे त्यांच्यासाठी पुन्हा वेगळा बंद नको. आणि मर्यादांचा तक्ता संस्थेच्या स्वतःच्या संकेतस्थळावर होता : कुठल्या मार्गावर किती, कुठे, किती लांबीच्या. जे काम आधी स्वयंसेवकांना वेळांवरून ताडावं लागत होतं ते आता संस्था स्वतः सांगत होती.

यात त्रास कमी नव्हता. ब्रेनट्रीहून शहरात कामाला येणाऱ्या माणसाचे चोवीस दिवस बदली बस आणि कम्युटर रेलमध्ये गेले. ज्याला घरून काम करता येतं त्याने ते केलं; रुग्णालयात सफाई करणाऱ्याला, हॉटेलात पहाटेची पाळी असलेल्याला तो पर्याय नव्हता. तासावर पगार असणाऱ्यांचं अशा दिवसांत जे नुकसान होतं त्याची भरपाई कुठल्याच रेल्वेच्या कार्यक्रमात नसते. असायला हवी, असं मला ठामपणे वाटतं, आणि आपल्या मेगाब्लॉकबद्दलही वाटतं.

डिसेंबर २०२४ मध्ये शेवटची मर्यादा उठली. वीस वर्षांहून जास्त काळानंतर प्रथमच या जाळ्यात एकही स्लो झोन नव्हता. चौदा महिन्यांत सुमारे अडीच लाख फूट, म्हणजे ७५ किलोमीटरच्या आसपास, रूळ बदलले गेले आणि २२० हून जास्त मर्यादा काढल्या गेल्या. सुरुवातीची यादी १९१ ची होती. वाटेत नवे दोष सापडत गेले, ते लिहिले गेले आणि दुरुस्त झाले.

शून्य हा आकडा टिकणारा नव्हता, आणि तो टिकेल असं कुणी म्हटलंही नाही. रूळ रोज झिजतो, पाणी रोज झिरपतं. त्यानंतरही अधूनमधून एखाद्या तुकड्यावर मर्यादा लागते, तक्त्यावर दिसते आणि काम झालं की निघते. टप्पे बंद ठेवायचं वेळापत्रक २०२५ साठीही निघालं. आता त्यात देखभालीचे दिवस असतात, लांबीने कमी, आधीपासून माहीत असलेले.